ओटा पाडून केलेला सिट-आउट

पडेगाव,
१० मे २०१६, मंगळवार

तीर्थस्वरूप खंडेरावमामा आणि चंपामामी यांच्या पायांवर सूर्यभानचं डोकं.

इकडं आम्ही धडधाकट आहोत, तिकडं तुम्हीही असाल असं धरून चालतो. मामा, तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? करंजाचं तेल चालू ठेवा, मध्येच सोडलं की गुडघा बिथरतो. मामींचा खोकला उतरला का? मेंढरांच्या चाऱ्याची काय तजवीज झाली? तुमच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला असेल तर बेलाशक इकडं या. घाटी दवाखान्यात माझी चांगली ओळख आहे (ओळख गेटवरच्या वॉचमनची आहे, पण गेटपासूनच सुरुवात करावी लागते). तोवर हे पत्र तुमची नात श्रेया वाचून दाखवील. श्रेया, बेटा, कंसातलं मनातल्या मनात वाच.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. मामा, मागच्या चार खेपेला मी फोन केला. चारी खेपेला तुम्ही हॅलो म्हणालात, मागून आईचा आवाज आला, "म्हणावं रेंज नाय," आणि मग तुम्ही मला म्हणालात की रेंज नाही. वेरूळच्या डोंगरापलीकडून ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की शेजारच्या खोलीत बसलेल्या तुमच्या सूनबाईला, सत्यशीलेलाही कळलं. आई तुमच्याकडं चार दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आज सव्वीस दिवस झाले. माहेर आहे, भाऊ आहे, माझी काही हरकत नाही. पण बाहत्तर वर्षांच्या बाईच्या माहेरपणालाही काही सुमार असतो. तिनं तिथं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. म्हणून झालेली हकीकत मी मांडतो, मग तुम्हीच फैसला करा.

आमच्या कंपनीचे स्टोअर मॅनेजर तात्यासाहेब डिसेंबरात रिटायर झाले. त्यांच्या बंगल्यावर सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी घेऊन मी अंगणात आलो तर तिथं लॉन, म्हणजे गालिच्यासारखं कापलेलं गवत. चपला बाहेर होत्या, म्हणून अनवाणीच त्यावर उभा राहिलो आणि मामा, तळपायातून एक विचार वर चढत गेला. आपण गवताच्या मागं मैलोगणती चाललेल्या माणसांच्या पोटचे. आपला बाप अख्खी हयात हिरवी काडी हुडकत हिंडला. आणि आपल्याच दारात धूळ. त्याच दिवशी ठरवलं की घराची नव्यानं आखणी करायची, घराची शोभा वाढली पाहिजे आणि आईला आराम मिळाला पाहिजे. आराम हा शब्द मी तेव्हाही वापरला होता, सत्यशीला साक्षीला आहे (ती "कुणाला" असं म्हणाली होती, पण ते वेगळं).

इंद्रजीत नावाचा एक पोरगेला डिझायनर मला भेटला. दाढी कोरलेली, बोलणं मऊ, हातात टॅब. आमचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. पुढं दगडी ओटा, मग दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि शेवग्याचं झाड. इंद्रजीतनं घराला दोन फेऱ्या मारल्या आणि ओट्यापाशी थांबून म्हणाला की सर, या ओट्यामुळं घराचा फ्लो अडलाय. मी फ्लो म्हणजे पाण्याचा समजलो आणि म्हणालो, तो तर सगळ्या पडेगावात अडलाय. तो हसला नाही. त्यानं टॅबवर चित्र काढून दाखवलं. काचेचं सरकतं दार, तीन पायऱ्या, पुढं लॉन, कोपऱ्यात कमळाचं टाकं, आणि एका टांगत्या खुर्चीत कप घेऊन बसलेली पांढऱ्या केसांची एक बाई. म्हणाला, या तुमच्या आई. त्या बाईच्या डोक्यावर पदर नव्हता आणि पायात सँडल होते, तरी मला ते चित्र पटलं. या जागेला सिट-आउट म्हणतात, म्हणजे बाहेर बसायची जागा. तर बाहेर बसायची जागा करायची म्हणून आम्ही ओटा पाडला.

तेव्हा आई काही बोलली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. दगड निघत होते तेव्हा ती गल्लीत आशाबाईच्या दारात उभी राहून बघत होती. (दुपारी जेवली नाही. उपास आहे म्हणाली. वार मंगळवार होता, आणि आई मंगळवार धरत नाही.)

आतलं काम मात्र झकास झालं. स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या, बोट लावलं की ड्रॉवर बाहेर येतो. फक्त आईची काटवट कुठल्याच ड्रॉवरमध्ये मावेना, म्हणून ती पलंगाखाली ठेवली, तेव्हा भाकरी करायची म्हणजे आधी वाकून पलंगाखाली जायचं. शेगडीवर चिमणी बसवणार असं सांगितल्यावर आईला वाटलं लाइट जाणार आहे. तिनं माळ्यावरची रॉकेलची चिमणी काढून पुसून ठेवली. न्हाणीघरात शॉवर लावला. आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, त्यामुळं तूर्त शॉवरला टॉवेल अडकवतो आणि तो उत्तम अडकतो.

टांगत्या खुर्चीबद्दल तिनं सांगितलं असेलच. ती वेताची, अंड्याच्या आकाराची, साखळीला लोंबणारी. आईला मी स्वतः हात धरून तिच्यात बसवलं आणि कंपनीत गेलो. पाय भुईला लागेनात, वाकावं तर खुर्ची मागं झुकायची, म्हणून ती तशीच बसून राहिली. हाक मारली नाही. तासाभरानं आशाबाई ताक मागायला आली तेव्हा तिला कळलं, मग तिनं आणि सत्यशीलेनं दोन्हीकडून धरून आईला बाहेर काढलं. संध्याकाळी मी विचारलं, आई, हाक का नाही मारली? तर म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं टांगलं व्हतंस. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

आता लॉनचं सांगतो, कारण खरी कुरबूर तिथंच झाली. मार्चात टेम्पोतून गवत आलं, चटईसारखं गुंडाळलेलं. पसरलं, दाबलं, आणि दारात हिरवंगार झालं. गल्लीत एवढा हिरवा रंग लोकांनी फक्त झेंड्यात पाहिला होता. पण त्याला रोज दोन वेळा पाणी. धरणानं तळ गाठलेला, बोअर कोरडं पडलेलं, तेव्हा मी खाजगी टँकर लावला. पहाटे उठून, आडोसा बघून पाइप धरायचो (लाज होती असं नाही. उन्हात पाणी घातलं की पानं करपतात). आई त्याच वेळी घमेल्यात उभी राहून अंघोळ करायची आणि ते पाणी शेवग्याला नेऊन ओतायची. एकाच घरात एकाच वेळी दोन तऱ्हेचं पाणी चालायचं, आणि आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

तेरा एप्रिलला दुपारी टँकर आला. मी कामावर. गल्लीत सहा दिवस पाणी नव्हतं. बायांना वाटलं सरकारी टँकर आला, घागरी, हंडे, बारड्या घेऊन सगळ्या आमच्या दारात. ड्रायव्हर म्हणाला हे पाणी गवताचं आहे. बाया थांबल्या. हकीकत आशाबाईनं नंतर सत्यशीलेला सांगितली, तिनं मला. आई पायऱ्या उतरून खाली आली, ड्रायव्हरच्या हातातला पाइप घेतला आणि म्हणाली की ओळ लावा, लेकुरवाळी पुढं. बाहत्तर वर्षांच्या बाईनं दीड तास उन्हात उभं राहून अख्खा टँकर वाटला. एकीचाही हंडा अर्धा राहिला नाही आणि कुणाची भांडणं झाली नाहीत. आमच्या स्टोअरात इतकी शिस्त मी बावीस वर्षांत पाहिली नाही.

मी घरी आलो तर लॉन कोरडं, गल्ली ओली, आणि आईचा घसा बसलेला. दिवसभराचा ऊन-धुरळा खाऊन आलो होतो, चिकलठाण्याहून पडेगाव म्हणजे शहर आडवं कापायचं. तोंडातून गेलं. मी म्हणालो, "आई, तुला घराची कदर नाही."

आई पदरानं हात पुसत होती. ती म्हणाली, "सूर्या, जलमभर आपण गवताच्या मागं हिंडलो, मेंढरांच्या पोटासाठी. तू दारात गवत आणलंस, त्याला पानी पाजतोस, आन् त्याला तोंड लावायची कुनालाच परवानगी नाय. मला खरंच नाय कळत रं." आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली, खंडूकडं चार दिवस जाऊन येते म्हणाली, आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसली. मी सोडायला गेलो नाही (जायला हवं होतं. गाडीला किक मारली, आणि बंद केली).

त्यानंतर मी लॉन नेटानं सांभाळलं, माघार घ्यायचा माझा स्वभाव नाही. कडेनं पिवळं पडायला लागलं तेव्हा इंद्रजीतला फोटो पाठवला. तो म्हणाला, सर, टोन वॉर्म होतोय, छान दिसतंय. गल्लीतल्या बाया दारावरून जाताना थांबेनात. आशाबाई ताक मागायला येईना. टांगती खुर्ची वाऱ्यानं एकटीच हलायची.

मागच्या शुक्रवारी मला सुट्टी होती. ऊन उतरणीला लागलं आणि दौलताबादच्या बाजूनं साठेक मेंढरं आली. मागं फकिरा नावाचा म्हातारा, खांद्यावर घोंगडी. कन्नडकडून निघालेला, गंगथडीला, गोदाकाठी चाललेला, तिथं तरी काही खुरटं गवत मिळेल म्हणून. आमचं गेट उघडं होतं. पुढच्या दोन मेंढरांनी मान वळवली, आणि मी काय ते समजलो. काठी घेऊन धावलो. हाकलायला तोंड उघडलं, आणि मामा, काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलं नाही. दादांची, माझ्या बापाची, हाळी निघाली. हाकलायची नव्हे, चरायला बोलवायची. पस्तीस वर्षांत मी ती दिली नव्हती. रस्त्यावर राहिलेली मेंढरंही आत आली.

फकिरा गेटात उभा राहिला, डोक्यावरचं मुंडासं हातात घेतलं. म्हणाला, "मालक, चूक झाली. भरपाईला माज्यापाशी काय बी नाय."

मी म्हणालो, "खाऊ द्या बाबा. बोलावलंय त्यांना."

बावीस मिनिटांत लॉन संपलं. मग ती कमळाच्या टाक्यातलं पाणी प्यायली, कमळासकट. आणि खरं सांगतो, त्या जागेत इतकी हालचाल, इतका आवाज महिन्यात नव्हता. सत्यशीलेनं चहा केला. पण फकिराला बसवावं कुठं? टांगत्या खुर्चीकडं त्यानं नुसतं बघितलं. पायाला धूळ म्हणून फरशीवर यायला तयार नाही. पायऱ्या एवढ्या चिंचोळ्या की त्यावर फक्त कुंडी बसते. शेवटी तो रस्त्याच्या कडेला मातीत बसला, मग मीही त्याच्या शेजारी बसलो. समोर माझं नवीन घर, काचेचं दार, आणि आम्ही दोघं कपबशी घेऊन धुळीत.

कप न्यायला आलेली सत्यशीला म्हणाली, "आत्याबाई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, पाहुण्याला बसवायची जागा कुठं ठेवली." उत्तर माझ्याजवळ होतं, पण कपबशी हातात असताना बोलायचं नसतं.

तर मामा, सांगायचं इतकंच की आखणीत काही चुकलेलं नाही. मोठ्या कामाचे टप्पे असतात. पहिला टप्पा पार पडला, आता दुसरा हाती घेतला आहे. टँकर बंद केला. टांगती खुर्ची इंद्रजीतनं परत नेली, दुसऱ्या कुणाच्या आईसाठी. गवताच्या जागी शेवग्याच्या चार फांद्या लावणार आहे, शेवग्याला सांडपाणी चालतं. घराच्या पुढच्या अंगाला बसण्याची भक्कम दगडी सोय करत आहे, दोन्ही बाजूंनी चढता येईल अशी. घर चालवायला ठाम माणूस लागतो आणि तो इथं आहे, तुम्ही निश्चिंत असा.

मामींना नमस्कार, श्रेयाला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
सूर्यभान

ता.क. : मेंढरांची गोष्ट आईला सांगू नका. हसेल.

ता.क. २ : ओट्याचे दगड मागच्या अंगणात रचून ठेवलेले आहेत, एकही विकला नव्हता. पण जुन्या ओट्याची उंची आमच्यापैकी कुणालाच आठवेना. पुंडलिक गवंडी दोन दिवस गज घेऊन उभा आहे. मी एक सांगतो, सत्यशीला एक सांगते, आशाबाई तिसरीच. पुंडलिक म्हणतो, उंची कागदावर ठरत नसते, बसणाऱ्याला बसवून बघावं लागतं.

ता.क. ३ : म्हणून येत्या शुक्रवारी सकाळी मी वेरुळाकडं निघतो. आईला आधी काही कळवू नका, नाहीतर ती त्या दिवशी नेमकी रानात जाईल. काय बोलायचं ते मी ठरवलेलं आहे, माझं मीच बोलेन. फक्त मामा, तेवढा वेळ तुम्ही घरात थांबा. एकट्याला मला ते जमायचं नाही.