नारिंगी पानाची चादर

ब्रिस्बेन,
४ मार्च २०१९

ती. ताईस, रेपेताचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण आपल्या आइतुताकी बेटाची लाइन दुसऱ्या वाक्याला तुटते आणि तू तिसऱ्याला रडतेस, म्हणून पत्र.

बाबांनी दिलेली फोटोंची डिस्क अखेर उघडली. एकाही फोटोला नाव नाही, नुसते आकडे. आमच्या वाचनालयातल्या एका बाईनं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दिलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, फोटो घरच्या संगणकाबाहेर जात नाहीत. सगळे फोटो एकदम पडद्यावर पसरतात, अंगणात वाळत घातल्यासारखे. लाल रंग मागितला की लाल फोटो पुढे सरकतात. एक फोटो दाखवला की त्याच्यासारखे दिसणारे सगळे गोळा होतात. त्यावरून कळलं, की बाबांच्या माशांचा ढीग आपल्या दोघींच्या ढिगापेक्षा बराच मोठा आहे. आणि चर्चच्या पांढऱ्या टोप्यांनी तर सॉफ्टवेअरला पार चकवलं. तू, आई, आकाइती मावशी, पाद्रीबाई, सगळ्यांना एकत्र घालून मला विचारतंय, ही एकच बाई ना?

हा उद्योग कशासाठी, ते तू ओळखलं असशील. जुलैत माझ्या तामाचे जन्मापासून वाढवलेले केस बेटाच्या रिवाजाप्रमाणे तिथे येऊन सगळ्यांच्या हातून कापायचे. तो बसेल त्या खुर्चीवर आईनं शिवलेली तिवाएवाए, ती पानाफुलांची चादर, असावी असं फार वाटतं. ती चादर आईला गुंडाळून तिच्यासोबत मातीत गेली, हे मला माहीत आहे. पण निदान नक्षी मिळाली, तर तुम्ही बायका नवीन कापाल. माझ्याजवळ एकच फोटो आहे, त्यात अर्ध्या चादरीपुढे आईच उभी. तेव्हा मला येता आलं नाही, ताई. आता तरी आईचं काहीतरी तिथे असू दे.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी
रेपेता

---

आइतुताकी,
२२ मार्च २०१९

चि. रेपेतास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या वाक्याला मी रडत नाही, चौथ्याला रडते. पत्र बाबांना वाचून दाखवलं. मासे जास्त निघाले याचा त्यांना अभिमानच वाटला. म्हणाले, मासा फोटो काढताना तोंड वाकडं करत नाही, पोरी करायच्या.

फोटोवरून नक्षी कापायची म्हणतेस, पण आईसारखा हात आता गावात कुणाचा आहे? कापड घडी घालून एकदाच कात्री चालवायची, चुकलं की सगळं वाया. आकाइती मावशीला येतं, पण तिची नजर अधू झाली आहे आणि जीभ मात्र पूर्वीपेक्षा धारदार. परवा चर्चमध्ये माझ्या शिवणीवरून बोटं फिरवून म्हणाली, की हे टाके आहेत की खेकडा चालून गेला?

तामाचे केस रोज विंचरतेस ना? गुंता राहिला तर कापायच्या बटांना रिबिनी बांधताना तो रडेल आणि बोलणी मला बसतील. त्या दिवशीच्या जेवणाला डुकरं सांगून ठेवली आहेत. एवढी धावपळ करतेस, दुखलंखुपलं अंगावर काढू नकोस.

तुझी वाट पाहणारी
तेकुराताई

---

ब्रिस्बेन,
११ एप्रिल २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबतचा फोटो आधी नीट बघ, मग पुढे वाच.

आईचा तो अर्धा फोटो त्या सॉफ्टवेअरला दाखवला आणि म्हटलं, असे अजून शोध. आधी जास्वंदी आल्या, मग बीट घालून गुलाबी केलेल्या बटाट्याच्या कोशिंबिरीची परात आली, आणि मग हा. आकाइती मावशीच्या नातीच्या लग्नाचा. बाबांनी अर्थातच टेबलावरच्या माशाचा काढलाय. पण मागच्या भिंतीवर टांगलेल्या चादरीकडे बघ. उजव्या कोपऱ्यातलं एक पान नारिंगी आहे. लाल कापड संपलं म्हणून आईनं लावलेलं, तेच.

हे लग्न आईला जाऊन दोन वर्षं झाल्यावरचं आहे, ताई. मग आईसोबत गेलं काय? तू तिथे होतीस. मावशीनं चादर बदलली आणि कुणाला कळलं नाही? तिनं आपल्याला जेवू घातलं, वाढवलं, म्हणून जास्त लागतंय. मला झोप लागत नाही. तू जाऊन विचार.

रेपेता

---

आइतुताकी,
२ मे २०१९

चि. रेपेतास अनेक आशीर्वाद.

मी तिथे होते खरी, पण मला काय दिसत होतं? आईला गुंडाळलं ते शिवणमंडळाच्या बायकांनी. मला डोळ्यांतल्या पाण्यातून पांढऱ्यावर लाल दिसलं, एवढंच. त्या साली दुकानात लालच कापड आलं होतं, घरोघरी लालच चादरी झाल्या.

आधी बाबांना विचारलं. म्हणाले, बायकांच्या शिवणात मी पडत नाही, सुई टोचते. मग उकडलेले तारोचे कंद घेऊन मावशीकडे गेले. चहा झाला, तिच्या गुडघ्यांची विचारपूस झाली, पण विचारायला तोंड उघडेना. शेवटी फोटो तिच्या हातात ठेवला. तिनं तो डोळ्यांना चिकटवून बघितला आणि म्हणाली, "इतकी वर्षं लागली होय गं विचारायला?"

मग सांगितलं. आजारपणात आईनंच ठरवलं होतं. दोघी लहानपणापासून एका चटईवर झोपलेल्या. आई म्हणाली होती, मी तुझी चादर पांघरून जाते, तू माझ्या चादरीवर नीज, म्हणजे कुणीच एकटी नाही. आणि पोरींना सांगू नकोस, कापडावरून भांडतील. मी म्हटलं, आम्ही भांडलो नसतो. मावशी फक्त हसली. खरं सांगायचं तर भांडलो असतो.

मावशीची स्वतःची चादर आईसोबत गेली, रेपेता. दुसरी शिवायला तिला आता दिसत नाही. तिच्या वेळी तिच्याबरोबर जायला ही एकच आहे. तरी उठली, पलंगावरून ती काढली, घडी केली आणि म्हणाली, "पोराची आहे, घेऊन जा." मी तशीच तिच्या मांडीवर ठेवून आले. हे मी ठरवायचं नाही. तू काय ते कळव.

मी त्या दिवशी चारही वाक्यांना रडले.

तेकुराताई

---

ब्रिस्बेन,
१९ मे २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. भात करपला. मी चोर शोधत होते आणि सापडली ती आईची मैत्रीण.

चादर घेऊ नकोस. मावशीला सांग, ती तिचीच आहे. नक्षीही उतरवून घ्यायला नको. ती त्या दोघींचीच राहू दे. फक्त केस कापायच्या दिवशी तिनं ती घेऊन यावं आणि आपल्या हातानं खुर्चीवर घालावी. संध्याकाळी घडी करून परत न्यावी आणि रात्री तिच्यावरच झोपावं.

आणि आणखी एक. पहिली बट आजीनं कापायची असते. तिथे कुणाला उभं करावं, हे इतके दिवस मला सुचत नव्हतं. मावशीला विचार, कापेल का. नजर अधू आहे असं म्हणाली, तर सांग की तामाचं डोकं मी धरून ठेवीन आणि तिचा हातही धरीन.

विमान पाच जुलैला. तुम्हा सर्वांची माया आहेच, थोडी मावशीच्या वाट्याची इकडे पाठव, आणि माझ्या वाट्याची तिला दे.

तुझी
रेपेता