रोपं कशानं पिवळी पडली

बाबा,

मागच्या महिन्यात माझ्या शेडनेटमध्ये मिरचीची रोपं पिवळी पडली, आणि तुमच्या तोंडून ऐकलेला एक शब्द अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा कानावर आला. म्हणून लिहायला बसले. शेडनेट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा आपल्याकडं कुणी ते पाहिलं नव्हतं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर हिरवी जाळी, आत ऊन निम्मंच उतरतं. खाली वाफे नाहीत. प्लास्टिकचे ट्रे, ट्रेला सुपारीएवढे खळगे, खळग्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि प्रत्येकात एक रोप. इंझोरीला सासरच्या अर्ध्या एकरात मी हे नऊ वर्षांपासून करते. मिरची, वांगी, टमाटर, झेंडू. पार कारंज्याकडची माणसं रोपं न्यायला येतात, आणि नुसती न्यायला येत नाहीत. पिशवीत पिवळी पानं घालून आणतात, ओट्यावर ओततात आणि विचारतात, "ताई, पाहा बरं, याले काय झालं?" हो बाबा, मलाच विचारतात.

तुम्ही रिठदला रोपंच करायचात. विहिरीजवळच्या तुकड्यात उंच वाफे, वर बांबूचा मांडव, मांडवावर कपाशीच्या पऱ्हाट्यांची सावली. रिसोडच्या बाजाराला ओल्या पोत्यात जुड्या गुंडाळून सायकलनं निघायचात. मी नऊ वर्षांची असताना लोहाराकडून माझ्यासाठी लहान मुठीचं खुरपं करून आणलंत, आणि आई हसली तर म्हणालात, "हसू नको, हिचा हात हलका हाय." रोप उचलताना देठाला चिमटा द्यायचा नाही, पानाला धरायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेंगरला तर रोप गेलं. माझ्याकडं कामाला येणाऱ्या सहा बाया आजही तसंच धरतात, आणि हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगते. जे तुमचं आहे ते तुम्हाला देते. पण बाकीचंही आज तुम्हाला ऐकावं लागेल.

मी तेरा वर्षांची. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे आणि मी परसात, वेगळ्या ताटात जेवते आहे, कारण तो माझा दुसरा दिवस आहे. मिरचीचा तिसरा वाफा चार दिवसांपासून खालच्या पानांपासून पिवळा होत चालला आहे. तुम्ही मांडवातून येता, मागं रोपं न्यायला आलेली दोन माणसं आहेत.

"वाफ्याले पानी कोनं देल्लं काल?"

"मी," मी सांगते.

तुम्ही माझ्याकडं बघत नाही, आईकडं बघता. "इले समजत नाई, पन तुले तं समजते ना? इटाळानं वाफा जाळला इनं."

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरते. मी ताट सोडून मांडवाकडं धावते, वाफ्यातलं एक रोप उपटते आणि तुमच्यापुढं धरते. "बाबा, मुळं पाहा. काळी झाली. वास येऊन राह्यला." तुम्ही ते रोप हातात घेतलं नाही. मी धरलेलं होतं ना. दोन पावलं मागं सरलात आणि म्हणालात, "तोंड वर करून बोलतं? आजपासून मांडवात पाय ठेवू नको."

त्या दोन माणसांनी ऐकलं. पुढच्या बाजारापर्यंत गावानं ऐकलं. विहिरीवर बायका आईला विचारायच्या, पोरगी वाफ्यापासून दूर ठेवली ना. मला वाटलं होतं चार दिवसांची शिक्षा असेल, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी मांडवाशी जाऊन उभी राहिले. तुम्ही नुसतं म्हणालात, "घरात जा." माझ्या हाताला चार दिवसांचा नाही, कायमचाच डाग लागला, असं तुम्ही ठरवलं होतं. लग्न होऊन इंझोरीला आले तोवर, सात वर्षं, मी त्या मांडवात गेले नाही.

मी सांगते त्या वाफ्याला काय झालं होतं. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली की दोन गोष्टी बघायच्या. खत कमी पडलं का, आणि मुळं बुडाली का. खत कमी असेल तर मुळं पांढरी असतात. मुळं काळी आणि नासका वास, म्हणजे पाणी जास्त. तिसरा वाफा सखल कोपऱ्यात होता, तिथं पाणी साचायचं. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. तुम्ही सकाळी पाणी द्यायला सांगायचात, मी दुपारी पुन्हा द्यायचे, गुपचूप, कारण उन्हात ती मलूल दिसायची आणि मला बघवायचं नाही. म्हणजे रोपं माझ्याच हातानं गेली होती बाबा. ती चूक होती, आणि चूक शिकवता येते. "पोरी, पानी जास्त झालं," एवढं म्हणाला असतात तर त्या दिवशीच शिकले असते. तुम्ही मात्र, वाफा माझ्या दिवसांच्या आधीपासूनच पिवळा पडत होता तरी, जी गोष्ट मी केलीच नव्हती, ती माझ्या नावावर लावलीत.

मग जे तुम्ही दिलं नाहीत ते मी मिळवलं. लग्नानंतर पत्रानं होणारी शेतीची पदविका केली, पुस्तकं पिठाच्या डब्यावर ठेवून वाचली. नवरा म्हणाला, कर. तुम्ही एकदाच इंझोरीला आलात, आजारी पडायच्या आधी. ओट्यावर मी तेलाच्या डब्यांत मिरच्या लावल्या होत्या. तुम्ही बराच वेळ त्यांच्यापाशी वाकून उभे होतात. "काय घालतं याले?" विचारलंत. मी सांगितलं. "चांगल्या हायेत," म्हणालात आणि चहा प्यायलात. लोक म्हणतील की बापानं त्यातच सगळं सांगितलं. मी म्हणत नाही. गावादेखत बोललेलं ओट्यावर हळूच परत घेता येत नाही.

आता मागच्या महिन्याचं. मिरचीची पूर्ण तयारी झालेली, पंधरा दिवसांत लोक यायचे होते, आणि रोपं पिवळी पडायला लागली. सगळीच. एक शेतकरी आपली रोपं बघायला आला. पिकल्या केसांचा, बोलायला सभ्य. रांगांमधून फिरला आणि म्हणाला, "ताई, वाईट वाटू देऊ नका, पन आतमंदी बाया काम करतात तुमच्या. कोनाचा तरी इटाळ झाला असन. मी दुसरीकडून घेतो रोपं."

माझ्या बायांमध्ये एक नवीन आहे, लग्न होऊन वर्षही झालं नाही. ती शेवटच्या रांगेत झारीनं पाणी देत होती. तिनं झारी खाली ठेवली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मी गेले तर म्हणाली, "ताई, मीच होती काल त्या रांगेत. मले सांगतलं नाई कोनी की यायचं नाई. मले कामावरून काढा, पन घरी नका सांगू."

बाबा, तेव्हा मला तुमचा फार राग आला. तुमची राखही उरली नाही, आणि तुमचा शब्द अजून एका पोरीला दाराबाहेर उभं करत होता. मी तिला हाताला धरून आत आणलं. त्या शेतकऱ्याला म्हटलं, "थांबा काका. आधी रोप पाहू, मंग बाई पाहू."

एक रोप ट्रेतून काढलं. मुळं पांढरी, दाट, वास नाही. म्हणजे पाणी जास्त नव्हतं. खालची पानं हिरवीगार, शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. त्याला लोह कमी पडत होतं. पण लोह तर मी खतातून देत होते, मग रोप घेत का नव्हतं? झारीच्या तोंडाला पांढरा थर दिसला, तेव्हा उत्तर मिळालं. विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी आम्ही नव्या बोअरचं पाणी जोडलं होतं. तपासायची कागदी पट्टी पाण्यात बुडवली तर निळसर झाली. पाणी अल्कधर्मी, चुनखडीचं. अशा पाण्यात लोह असूनही मुळाला उचलता येत नाही.

मी शेतकऱ्यासमोर दोन रांगा वेगळ्या केल्या. एका रांगेला बोअरचंच पाणी. दुसरीला त्याच पाण्यात चुन्याचा जोर मोडायला सायट्रिक अ‍ॅसिडची, म्हणजे लिंबातल्या आम्लाची भुकटी आणि झाडाला घेता येईल असं लोह. मग त्या पोरीकडं बोट दाखवून म्हटलं, "ही दुसरी रांग हीच पाहील. आजपासून, रोज. तिचे दिवस चालू हायेत, ते चालू असतानाही हीच पाहील. तुमी दहा दिवसांनी या."

तिनं विचारलं, "ताई, मेली रोपं तं?"

"तं माझं चुकलं असं मी गावात सांगीन. तुह्यावर येणार नाई."

ते बोलायला सोपं होतं. माझं निदान चुकलं असतं तर माझ्या शेडनेटमध्ये विटाळानं रोपं जळतात हे गावोगाव झालं असतं, आणि सहाही बायांना घरी बसावं लागलं असतं. दहा दिवस मी रोज सकाळी आधी त्या रांगेपाशी जायचे. पाचव्या दिवसापर्यंत काही दिसलं नाही. सहाव्या दिवशी शेंड्यातून बोटाच्या नखाएवढं पान आलं, ते हिरवं होतं. तिनंच हाक मारून दाखवलं.

दहाव्या दिवशी शेतकरी आला. एक रांग पिवळी, दुसरीचे शेंडे काळपट हिरवे. दोन्हींवरून हात फिरवला. "म्हंजे पानीच होतं तं," म्हणाला.

"आन् इटाळ?" मी विचारलं.

तो पिवळ्या रांगेपाशी पुन्हा वाकला.  मग म्हणाला, "याच रांगेतली द्या मले."

"तिच्या हातून घ्या," मी म्हटलं. ती ट्रे घेऊन पुढं आली, आणि बाबा, त्यानं तिच्या हातून घेतला. मागं सरला नाही.

हे पत्र कुठं ठेवू हे मला कळत नाही. रिठदला तुमच्या फोटोमागं ठेवावं असं मनात आलं होतं, पण तिथं दादा ते वाचेल आणि म्हणेल, मेलेल्या माणसाशी कायले भांडतं. म्हणून ते इथंच, पदविकेच्या पुस्तकात राहील. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करायला हवं असंही मला वाटत नाही.

फक्त एक सांगते, जे त्या पोरीलाही सांगितलेलं नाही. माझे ते दिवस असले की सकाळी पहिल्या ट्रेला हात लावताना अजूनही माझा हात जरासा थांबतो. मग मी लावते.