बाबांनी वाचलेलं व्यंगचित्र

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

ऑपरेशनला पुन्हा 'नाही' म्हणाले! बाबा — माझे सासरे — तुकईथडच्या केळीच्या मळ्यातून इथे लोधीपुऱ्यात आमच्याकडे येऊन बारा दिवस झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हृदयाची झडप दिवाळीच्या आत बदला. इंदौरला सरकारी कार्डावर सगळं मोफत होतंय. आणि बाबा ते कार्ड उशीखाली दाबून बसलेत! योगेंद्र वडिलांना समजावून थकला. मला तर रागच येतो. दोन पायऱ्या चढले की धाप लागते, तरी सकाळी माझ्या हातातली बादली ओढून घेतली.

११ सप्टेंबर

उद्या शाळेत नववीला व्यंगचित्र कसं वाचायचं ते शिकवायचंय. हिंदी पेपरातलं एक कापून ठेवलं. घड काढून अर्धं तोडलेलं केळीचं झाड, त्यावर लिहिलंय 'पुराना अस्पताल'. बुडातून फुटलेलं इवलंसं पील, त्यावर 'नई स्वास्थ्य योजना'. एक नेता पिलाला हार घालतोय, दुसऱ्या हातात कोयता. मी अर्थ लिहून काढले — कोयता म्हणजे सत्ता, तुटलेलं झाड म्हणजे वाऱ्यावर सोडलेला जुना दवाखाना, हार म्हणजे नुसता देखावा.

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. किती दिवसांनी हसले! म्हणाले, चित्र काढणारा केळी पिकवणाऱ्यांतलाच दिसतो. मग माझीच शिकवणी सुरू. घड काढल्यावर खोड बुडातून तोडत नाहीत, अर्धं उभं ठेवतात.

"त्याचा रस पिलाले जातो, पोरी. त्याचं काम तेच."

मी म्हटलं, बाबा, चित्रकार टीका करतोय. त्यांना काही पटलं नाही.

१२ सप्टेंबर

दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. अख्खा वर्ग बाबांच्या बाजूनं! फक्त एक मुलगी म्हणाली, मॅम, पर वो पेड़ तो फिर भी सूख जाता है ना? मी तिचं वाक्यही फळ्यावर लिहिलं.

घरी येऊन बाबांच्या पायाशी बसले. फार जीव लागलाय मला त्यांचा. चार वर्षांत 'पोरी'शिवाय हाक नाही मारली. म्हटलं, मी तुम्हाला असं जाऊ देणार नाही. ते पेपर वाचत राहिले.

१३ सप्टेंबर

कारण कळलं एकदाचं! त्यांना वाटतं, केळीच्या एका झाडाला एकच घड, तसं घराला कार्ड एकदाच. आपण वापरलं की संपलं. अहो, पण ठेवायचंय कुणासाठी? विचारलं, तर बादली उचलून नळावर गेले.

१४ सप्टेंबर, रविवार

दवाखान्यात कार्डाचं काम पाहणाऱ्या अमृताला घरीच बोलावलं. तिनं सांगितलं, कार्ड दरसाल नव्यानं चालू होतं, घरातल्या सगळ्यांना. बाबांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हंजे उन्हाळ्यात हिच्या बाळंतपणाले पुरीन?"

योगेंद्र माझ्याकडे बघतच राहिला. मी त्यालाही सांगितलं नव्हतं; बाबांनी मात्र ओळखलं होतं, बादली उगाच ओढली नव्हती. आधीची दोन्ही पोटातच गेली — भीतीनं या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं मी.

गुरुवारी इंदौर. बाबा तयार आहेत.