फाट्याच्या पलीकडचा उतार

अण्णा,

माणूस मुलीला गाडी शिकवतो ती तिला कुठंतरी जाता यावं म्हणून. तुम्ही मला शिकायला लावलीत ती दर अर्ध्या मैलाला थांबता यावं म्हणून. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. अजूनही शेजारी बसलेल्या कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी माझा पाय ब्रेककडं जातो, आणि मग दिवसभर मी तुमच्यावर चिडलेली असते. एवढ्या वर्षांत राग निवायला हवा होता. निवला नाही, म्हणून लिहायला बसले.

शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालात तेव्हा तुमच्याबरोबरचे लोक घरावर मजला चढवत होते. तुम्ही लिलावातली एक जुनी सरकारी जीप घेऊन आलात. स्वतःला चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "चालवायला लागलो की बघायचं राहून जातंय," हे तुमचं कारण. मी सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका, कायम होण्याची वाट बघत असलेली. परभणीच्या रस्त्यावर बाई जीप चालवते म्हटल्यावर सायकलवाले वळून बघत बघत एकमेकांवर आदळायचे. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. मांडीवर तो दोन भिंगांचा कॅमेरा, वरून मान खाली घालून बघायचा. आख्खा मुलूख बघायला निघालेला माणूस, आणि बघताना मान खाली! आई फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची आणि दारातून सुनवायची, "माणसं सोडून धोंड्याचे फोटो काढायलेत. घरात आमचा एक न्हाई."

बोरी मागं पडते. काळी जमीन हळूहळू पातळ होत जाते, ज्वारी खुजी होते, करडईची काटेरी रानं लागतात, मग तीही सरतात. उरतो नुसता माळ. पिवळं पडलेलं कुसळी गवत, आणि पावसानं उकरून ठेवलेल्या घळी, मातीचे उभे कडे, जणू कुणी रागानं जमीन ओरबाडली आहे. तिथं तुम्ही सरसावून बसता. "थांब, थांब, थांब." एकदा म्हणून भागायचं नाही. मी ब्रेक दाबते, मागची धूळ पुढं येते, माझ्या डोळ्यांत जाते आणि तुम्ही उतरून कड्यापाशी उभे. बारा फोटोंचा रोल, त्यामुळं घाई नाही. "ढग सरकंल आता." ढग सरकत नाही. मी जीपमध्ये बसून वह्या तपासते. चाळीस वह्या होतात तेव्हा एक फोटो होतो. एकदा एक मेंढरंवाला बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, काय मोजायलाव? धरण हुणार हाय का इथं?" तुम्ही नाही म्हणालात. "मग आमचा तरी एक काढा की." तुम्ही म्हणालात, "पुढच्या खेपंला." तो बिचारा पुढच्या खेपेला धुतलेलं पागोटं बांधून आला होता. तेव्हाही तुम्ही पुढच्या खेपेला म्हणालात. त्या दिवशी परत येताना मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

पण माझा खरा राग त्याच्याही आधीचा होता, हे तुम्हाला माहीत होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी आपल्या लोकांची घरं जळाली, त्यात आपल्या गावचं काकांचं घर गेलं. काका, काकू आणि पोरं आपल्या दोन खोल्यांत येऊन राहिली. काकूच्या लुगड्याला धुराचा वास होता, धुतला तरी जाईना. आठ दिवसांनी तुम्ही एकटे एसटीनं गावाला गेलात, कॅमेरा घेऊन. मला वाटलं, आता काही तरी होईल. चौकशीला साहेब लोक येणार होते, पुरावा लागणार होता. रोल धुऊन आला. बाराच्या बारा फोटो गावामागच्या टेकडीचे आणि ओढ्याचे. मी ते जमिनीवर पसरले आणि ओरडले, "हितं माणसं बेघर झाली अन् तुमी ओढा काढून आणला?" काका तिथंच बसले होते. तुम्ही फोटो एकेक करून गोळा केलेत आणि म्हणालात, "घर कसं होतं ते मला ठावं हाय. जळकं कामून ठेवू?" मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. तुम्हाला ठावं होतं, अण्णा. साहेबाला कुठं ठावं होतं?

त्यानंतर काही वर्षांनी देवगाव फाट्यावर जे झालं, ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीच सांगते. रविवार होता. जिंतूरकडून आपण सेलूच्या बाजूला निघालो होतो. फाट्यावर दगड, आडव्या लावलेल्या बैलगाड्या, निळे झेंडे. पन्नास-साठ माणसं रस्त्यावर बसलेली, बायाही होत्या. नामांतरासाठी रास्ता रोको. मी इंजिन बंद केलं. त्यांतला एक कार्यकर्ता मला ओळखत होता. आम्ही चळवळीच्या बुधवारच्या बैठकीला एकत्र बसायचो. तो जीपपाशी आला. "ताई, तुमी? आमी रस्त्यावर अन् तुमी जीपमधी?" मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. मग तुमच्या मांडीवरचा कॅमेरा त्याला दिसला. "काका, आमचा एक फोटो काढा. पेपरला देऊ."

तुम्ही आभाळाकडं बघितलंत. माणसांकडं नाही, आभाळाकडं. आणि म्हणालात, "ऊन डोक्यावर आलंय. तोंडं काळी येतील."

पहिल्या रांगेतली एक म्हातारी खदखदून हसली. "आमची तोंडं काळीच हायत बाबा, काढ तू!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण कॅमेरा उघडला नाही. रोलमध्ये सात फोटो शिल्लक होते, मला माहीत होतं, मी मोजत असायचे. मी खाली उतरले, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले. किल्ली चुकून बरोबर राहिली असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. चुकून नव्हे. तुम्हाला तिथून हलता येऊ नये, समोर जे चाललंय ते बघत बसावं लागावं, म्हणून नेली.

तासाभरानं पोलिसांची गाडी आली. आम्हाला दंडाला धरून उठवलं. माझी चप्पल रस्त्यावरच राहिली. गाडीच्या जाळीतून मी तुम्हाला बघत होते. तुम्ही जीपशेजारी उभे, कॅमेरा छातीशी, दोन्ही हात खाली. मी जीव तोडून ओरडले, "अण्णा, आता तरी काढा!" तुम्ही हलला नाहीत. गाडी निघाली.

सेलूच्या ठाण्यात आमची नावं लिहून घेतली आणि ओसरीत बसवलं. दुपार उतरली. नोकरीचा विचार आता कुठं मनात येऊ लागला. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरला कासरा बांधलेला, कासऱ्याला आपली जीप, आणि जीपमध्ये माझ्या जागेवर तुम्ही! आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात न लावलेला माणूस, घामानं निथळत, दोन्ही हातांनी ते घट्ट धरून. ट्रॅक्टरवरून एक शेतकरी उतरला, जाड मिशांचा, डोईला रुमाल. सरळ माझ्यापाशी आला. "बाई, आधीच सांगतो, नामांतराला माझा इरोध हाय. पण मास्तरला तिथं उन्हात कसं सोडावं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे वडील लय कठीण माणूस हायत. रस्त्यात दोनदा टॅक्टर थांबवाया लावला. फोटो काढायचाय म्हणे. मी म्हणलं, पोरगी ठाण्यात अन् ह्यांना फोटो सुचायलाय!"

अण्णा, तो परका, आमच्या विरोधातला माणूस, आणि त्याक्षणी जगात मला समजून घेणारा तेवढा एकच होता.

संध्याकाळी सोडलं. मी जीप चालवत होते, अनवाणी. पेडगाव मागं पडलं. मग मी विचारलं, "काय काढलंत?" तुम्ही म्हणालात, "फाट्याच्या पलीकडचा उतार. सावल्या पडल्या होत्या चांगल्या." जीप रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि तुम्हाला उतरवून द्यावं असं मनात आलं.

महिन्याभरानं मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं. ठाण्यातली यादी संस्थेकडं पोचली होती, मला कायम करायचं की काढायचं यावर बैठक होती. मी उत्तर तयार करून गेले होते. बसले होते, पुन्हा बसेन, नोकरी घ्या. बाईंनी मला बोलूच दिलं नाही. टेबलावरचा कागद पुढं सरकवला. तुमचं अक्षर. 'सदर दिवशी मी स्वतः आंदोलनात भाग घेतला होता. माझी मुलगी केवळ माझे वाहन चालवीत होती व माझ्या सांगण्यावरून रस्त्यावर बसली. तिचा त्यात अन्य संबंध नाही.' खाली सही, तुम्ही चित्रावर करायचात तशी, शेवटी वळण असलेली. बाई म्हणाल्या, "वडील निवृत्त आहेत, त्यांना कोण काय करणार? जा, वर्गावर जा."

मी वर्गावर गेले. पाढे म्हणून घेतले. घरी येऊन दप्तर आपटलं. "मी माझ्या मनानं बसले होते! तुमी एक फोटो काढला न्हाई अन् माझं बसणं सुद्धा स्वतःच्या नावावर केलं?" तुम्ही डाळिंब सोलत होतात. म्हणालात, "नोकरी राहिली न्हवं?" मी म्हणाले, "मला इचारलं होतं का?" तुम्ही उरलेले दाणे वाटीत काढलेत. मग म्हणालात, "गाडीत तुला घालायलेत ते बघितलं मी. सगळं बघितलं. हात उचलंना." वाटी माझ्यापुढं सरकवलीत आणि उठून गेलात.

ती वाटी मी खाल्ली नाही. खायला हवी होती. नोकरी तीस वर्षं केली, पेन्शन खाते आहे, ते त्या खोट्या कागदाच्या जिवावर. तुमचे उपकार मानावेत की तुमच्याशी भांडावं, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि तुम्ही तर नामविस्ताराच्या आधीच्या पावसाळ्यात निघून गेलात. भांडण अर्धं टाकून जायची ही कुठली रीत? हे पत्र लिहून कपाटात ठेवीन. पाठवायचं तरी कुठं?

एक मात्र सांगायचं राहिलंय. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या पोरांनी तुमचे फोटो मागून नेले, भिंतीवर लावायला. प्रत्येकाखाली ठिकाणाचं नाव हवं म्हणाली. तुम्ही एकाच्याही मागं काही लिहिलेलं नाही. मी वैतागून का होईना, तुम्हाला तिथं नेलं होतं, तेव्हा मला तरी आठवायला हवं होतं. एकही जागा ओळखता येईना. मी वह्या तपासत होते, अण्णा. मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं. मग मी आपल्या मनानंच नावं लिहून दिली, चाळीसच्या चाळीस. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी 'बोरी' लिहिलेल्या फोटोपुढं एक म्हातारा बराच वेळ उभा राहिला. माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, मी बोरीचा हाय. आमच्याकडं असला कडाच न्हाई."

मी म्हणाले, "पूर्वी होता."