ताल धरणारी थोरली

अप्पा, धाकटीचा बँड सध्या जगभर फिरतो आहे आणि माझ्या पोटात दुखतं आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी खोटं बोलायचं कारण उरलेलं नाही. पुस्तकी मराठी लिहिते आहे म्हणून हसू नका. आपली घरातली तंजावरी मराठी कागदावर नीट बसत नाही, आणि ही अक्षरं तर तुम्हीच गिरवून घेतलीत. ती वाचणारं या घरात माझ्याशिवाय आता कुणी नाही, तेव्हा कागद स्वयंपाकघरात उघडा टाकला तरी चालण्यासारखं आहे.

ती काय वाजवते ते आधी सांगते. त्याला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. एखाद्या गिरणीतली सगळी यंत्रं एकदम सुरू करावीत, त्यात गिटारी घालाव्यात आणि वर एका माणसानं घसा फाटेस्तोवर ओरडावं, असं ते संगीत आहे. मंचावर ठिणग्या उडतात, धूर निघतो. मधोमध ड्रमचा ढीग, बाजूला टांगलेले लोखंडी पत्रे आणि पिंपं, आणि या सगळ्याच्या आत तुमची धाकटी, केस कापलेली, दंड उघडे. आज जर्मनीत, परवा पोलंडमध्ये, पुढच्या महिन्यात जपान. समोर माणसांचा समुद्र उसळत असतो. मला कळत काही नाही, पण तिनं पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघते, आणि बघून झाल्यावर भांडी जरा जास्तच आपटत घासते.

गावानंही माझा पिच्छा पुरवला आहे. एका तमिळ साप्ताहिकात तिचा फोटो छापून आला, तेव्हापासून कुंभकोणमहून दारासुरम्ला जाणाऱ्या बसमध्येसुद्धा लोक ओळखीचं हसतात. परवा भाजीबाजारात शेजारच्या मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "लोखंड बडवते ती तुझीच तंगच्ची ना, धाकटी? एकाच घरातल्या तुम्ही, मग तुला काही येत नाही का?" मी म्हटलं, "येतात की, पाढे येतात." शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईनं दुसरं काय म्हणायचं? मामी खूप हसल्या. मी वांगी घेऊन घरी आले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

पण अप्पा, येत होतं ना मला. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पितळेच्या भांड्यांच्या दुकानातून तुम्ही संध्याकाळी घरी यायचात, पाय धुवायचात, कॉफी प्यायचात आणि पुढच्या ओसरीवर आम्हा दोघींना बसवायचात. धाकटीपुढे मृदंग. मी तुमच्यासमोर, मोकळ्या हातांनी. ती वाजवते आहे आणि मी ताल धरते आहे: मांडीवर एक थाप, करंगळीपासून तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. ती अडखळली, थांबली, रडली, पाणी प्यायला उठली, तरी माझा हात चालूच. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "उजवे हाताच्या बांगड्या काढ. ताल ऐकूं येत नाहीं, कांच ऐकूं येते." तेव्हापासून लग्न होईपर्यंत माझा उजवा हात कायम ओका. शाळेत मुली विचारायच्या, मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

तिचा मृदंग तुम्ही तंजावरहून आणलात. कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसच्या खिडकीशी बसून. गल्लीतली पोरं बघायला जमली. त्याच आठवड्यात माझ्यासाठी एक पाट आला. लाकडी, चार बुटके पाय असलेला, बसायचा पाट. मी तोंड वाकडं केलं तर तुम्ही लक्षच दिलं नाहीत. मला त्यावर बसवलंत, उठवलंत, पाय थोडे तासलेत, पुन्हा बसवलंत, पुन्हा तासलेत. शेवटी "सरि, आतां बरें" म्हणालात आणि करवत ठेवून दिलीत. तिला मृदंग आणि मला पाट. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणतात, पण माझ्या पदरी जे पडलं त्यावर मी नुसती बसत होते.

तुम्ही नोकरीला होता त्या दुकानातली एक दुपारही जात नाही डोक्यातून. आम्ही दोघी तुमचा डबा घेऊन आलो होतो. तुम्ही गिऱ्हाइकाला घागर दाखवत होता, बोटाच्या पेरानं वाजवून. धाकटीनं काय केलं, तर पळी उचलली आणि मांडून ठेवलेल्या घागरी, हंडे, परात, जे हाताशी येईल ते बडवत सुटली. मला वाटलं आता बसतो मार. पण तुम्ही हसलात. गिऱ्हाईक हसलं, मालक आतून बाहेर येऊन हसले. मी डबा धरून उभी, आणि सांबार माझ्या परकरावर सांडतं आहे. तुम्ही माझ्याकडे वळून एवढंच म्हणालात, "डबा नीट धर." आज ती पिंपं बडवते आणि जग हसतं, नाचतं, तेव्हा मला अजून तो परकर आठवतो.

आणि ते नवरात्र. बाहुल्या मांडल्या होत्या, हरभऱ्याचं सुंडल वाटून झालं होतं, घर बायकांनी भरलेलं. धाकटी वाजवत होती आणि सगळ्यांची नजर तिच्या बोटांवर खिळली होती. मीही तिकडेच बघत राहिले. कसा कोण जाणे, माझा हात मांडीवरच थांबला. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. मलाच म्हणालात, सगळ्यांदेखत, "तूं पाहुणी म्हणून आलीस कां? हात कुठें गेला?" तिला तुम्ही जन्मात असं बोलला नाहीत. ती चुकली तर "होईल" म्हणायचात, आणि मी एकदा थांबले तर पाहुणी. त्या रात्री जेवले नाही, ते तुम्हाला कळलंच नसेल. मला तेव्हापासून एकच विचारायचं होतं: मी तुमची कोण होते? लेक होते की भिंतीवरचं घड्याळ?

गेल्या आठवड्यात तिची मुलाखत वाचली. कुणीतरी विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, कुंभकोणमच्या पितळी भांड्यांच्या दुकानात, वडिलांकडे. पुढे म्हणाली की कार्यक्रमात कानात एक यंत्र असतं, ते टिकटिक करून ताल देतं, बाहेर कितीही गोंगाट असला तरी चुकू देत नाही. मुलाखत लांबलचक होती. मी ती दोनदा वाचली. माझं नाव नाही, बहीण हा शब्दसुद्धा नाही. यंत्राचं कौतुक आहे. खरं सांगते अप्पा, त्या टिकटिकीचा मला तिच्या टाळ्यांपेक्षा जास्त मत्सर वाटला. टाळ्या माझ्या कधी नव्हत्याच, पण ती जागा तर माझी होती.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. मी गॅसवर कॉफीचा काढा उकळत ठेवला होता. "अक्का, बसमधून बोलतें. दुसऱ्या देशांत चाललों आम्ही." मागे कुणीतरी घोरत होतं. मी खुशाली विचारली नाही.

"मुलाखत वाचिली," मी म्हटलं. "अप्पांनी शिकविलें, तें खरें. ताल काय भिंतीनें धरिला?"

मला वाटलं, चांगली सापडली. मग म्हणाली, "तुझें नांव घेववत नाहीं मज."

"कां? लाज वाटते?"

"लाज कसली? अप्पा माझेकडे कधीं पाहिले, सांग. मी वाजवीत होतें आणि ते तुझे हाताकडे पाहात होते. आरंभापासून शेवटपर्यंत. मी चुकलें तर तेंही तुझा हात पाहूनच त्यांस कळायचें. एकदां तरी मान वळवावी म्हणून मी जोरानें मारूं लागलें. अजून तेंच करितें. लोकांस वाटतें, हिला फार राग आहे." मग म्हणाली, "कानांतलें यंत्र बरें, अक्का. त्याकडे कोणी पाहात नाहीं."

काढा उतू गेला होता. मी गॅस बंद केला आणि पाटावर बसले. तोच पाट, आता त्यावर बसून भाजी चिरते. बसल्यावर लक्षात आलं, की तुम्ही तो तुमच्यासमोर ठेवायचात, तिच्यासमोर नव्हे. पाय तासताना दर खेपेला तुम्ही मागे सरून, तुमच्या जागेवर बसून बघत होता. मला वाटायचं, ही नजर चूक शोधते आहे. काय शोधत होती ते आता तुम्ही सांगणार नाही, आणि कुणी मनाचं सांगितलं तर मी ऐकणार नाही. तालावाचून धडा चालत नाही म्हणूनही बघत असाल. पण बघत होता. माझ्याकडे बघत होता, आणि धाकटी तिथे बसून जळत होती.

तिची समजूत घालायला हवी होती. थोरली आहे मी, ती परक्या मुलखात बसमध्ये एकटी बसून बोलत होती. बंगळूरला कार्यक्रम आहे, ये, मंचाच्या बाजूला बसवते, असं म्हणाली. त्यावर मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या वेळी मी म्हटलं, "फोन नीट लागत नाहीं. अप्पा कुणाकडे पाहात होते म्हणालीस?" तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "अजून एकदां सांग, तुटतें आहे." तिनं बिचारीनं आणखी एकदा, सावकाश, मोठ्यानं सांगितलं. अप्पा, फोन अगदी स्वच्छ लागला होता.