पोपट नाचवण्याच्या नादात

सौ. सुकन्याआक्काला रेणापूरकडच्या शाळेतून धाकट्या श्रीशैलचा शरणार्थ. दाजींची कंबर कशी हाय? देवणीच्या बाजारातून मी निघालो होतो इस्लापूरचा धबधबा बघायला, पण बसलो भलत्याच एसटीत, अन् उतरलो तिथल्या शाळेत टॅब सांभाळायच्या कामाला लागलो.

काम सोपं. पोरांनी टॅबवर गोष्ट वाचायची, खालच्या प्रश्नांची उत्तरं दाबायची. बरोबर आलं की पोपट नाचतो अन् पोरगं वरच्या पायरीवर जातं. चुकलं की पोपट मान टाकतो. (नाचतो मात्र आपल्या बसलिंगप्पाकाकासारखा, पोट सोडून. असो.)

तिसरीतली अक्षरा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचती. दुसऱ्या पायरीवर तिचा पोपट सारखी मान टाकायला लागला. तिला वाटलं, आपल्यामुळं आजारी पडला. डोळे भरले. मला बघवंना, म्हणून हळूच मीच उत्तरं दाबली. ती हसली. मग काय, आठवडाभर रोज पोपट नाचवत राहिलो! टॅबला वाटलं पोरगी लई हुशार; त्यानं तिला सहाव्या पायरीवर नेऊन बसवलं. तिच्या वर्गाच्या शिवानी मॅडमनी परिपाठाला टाळ्या वाजवायला लावल्या. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती अन् अक्षरा माझ्याकडं बघत होती.

सहाव्या पायरीची गोष्ट पानभर. दुसऱ्याच दिवशी तिनं टॅब माझ्या हातात ठेवला. "दादा, ह्यो पोपट दुसऱ्या कुणाला दे. माझ्याजवळ मरंल त्यो." तवापासून हातच लावीना.

मी पिशवी भरली होती (पळ काढायची माझी सवय तुला ठाऊक), पण आधी मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, खाली उतरवता येतं, पण आधी तिची माफी मागा. मागितली. अक्षरानं अट घातली: दादानंबी पहिल्या पायरीपासून माझ्यासंगं वाचायचं. शिक्षा म्हणून न्हाई. तिला वाटतं, मलाबी लहानपणी कुणीतरी उत्तरं दाबून दिली असतील.

तुझा,
श्रीशैल

ता. क. चौथीपर्यंत माझ्या वहीत उत्तरं तूच लिहायचीस, हे तिला सांगितलं न्हाई. माया होती तुझी. राग न्हाई.

आणखी ता. क. आम्ही दोघं तिसऱ्या पायरीवर आलो. तिचा पोपट कालपासून नाचतोय, माझ्यानं मान टाकली. गोष्टीतल्या कुंभारणीनं फुटका माठ का ठेवला, तेच मला कळंना. गोष्टीचा फोटो पाठवलाय, पण उत्तर कळवू नको. रविवारी फोन कर, मी वाचून दाखवतो. अडखळलो तरी मधे बोलू नको, आक्का. नुसतं ऐक.