मागचे दोन स्पीकर

१४ एप्रिल, सोमवार
पाच स्पीकरांपैकी दोनच वाजतात! पुढचे. मधला मुका, मागचे दोन्ही मुके. परवा दुकानवाल्याने पिक्चर लावायचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला, तेव्हापासून ही बोंब.
फॉल्ट वायरमध्येच असणार. एकतीस वर्षं टेलिफोनचा लाइनमन होतो मी. उद्या काढतो शोधून.

१५ एप्रिल
बठ्ठ्या वायरी सोडवल्या, झाडून सगळ्या; टोकं घासली, मीटर लावून एकेक तपासली. सगळ्या ठणठणीत. मुक्या तिघांचा आवाज तसाच — नाही!
आमची सौ., यशोदा, म्हणते, "बठ्ठं घर तारच तार शे! जेवाले चला." नाही जेवलो.

१७ एप्रिल
स्पीकर ज्याला जोडलेत त्या रिसीव्हरच्या काचेवर पूर्वी, पाचही वाजायचे तेव्हा, 'डॉल्बी' यायचं. आता 'पीसीएम' येतं. काय भानगड आहे, देव जाणे. कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये घुसलो — तिथे फक्त 'स्टिरिओ'. पाच स्पीकरचा पर्यायच नाही! ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. गोलाणी मार्केटमधून नवी ऑप्टिकल केबल आणली. पुन्हा पीसीएम. डोकं आपटावंसं वाटलं.

२० एप्रिल, रविवार
रविवार जाता जात नाही.
हे सगळं दिपमालाने आणलं होतं, पहिल्या पगारातून. बापलेकीने मिळून बसवलं. मी शिडीवर, ती खालून हुकूम सोडणार — "नाना, अजून वर! नाना, वाकडा झाला!" मग दर रविवारी एक पिक्चर. मागच्या स्पीकरमधून गाडी गेली की मुद्दाम मान वळवून बघायची, मला हसवायला.
दोन वर्षं झाली. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि मी फोनवर बोलून गेलो — "या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस." ठेवला नाही. माझीच पोर ती! धुळ्याला असते. पिंप्राळ्याहून नव्वद किलोमीटर.
तिचं म्हणून घरात एवढंच चालू होतं. तेही मी बंद पाडलं.

२३ एप्रिल
तोताराम मेकॅनिकला बोलावलं. दोन तास खाटखुट, तीन कप चहा. वर म्हणतो, "नाना, माल जुना झाला. भंगारात द्या, साउंडबार घ्या." हाकलला!

२४ एप्रिल
सेटिंग तेव्हा दिपमालानेच केली होती. यशोदा म्हणाली, "तिले इचारा ना." मी मीटर घेऊन पुन्हा वायरीच तपासायला बसलो. तशी भडकली — "जिंदगीभर लोकेस्ना फोन जोडात, आन पोटनी पोरले एक फोन व्हस नही!"
नाही होत. नंबर काढतो, अंगठा अडतो. तिने उचललाच नाही तर? आणि उचलला तर काय बोलू — स्पीकर वाजत नाही म्हणू?

२६ एप्रिल
चव्वेचाळीस डिग्री. काही केलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
बुधवारी आखाजी, अक्षय तृतीया. गल्लीत झोके बांधलेत. समोरच्या नवलभाऊंची लेक आली, लेकरं घेऊन. ज्याच्या-त्याच्या पोरी माहेरी येतायत. बाप नाहीतर भाऊ जाऊन घेऊन येतो. मी इथे रिमोट घेऊन बसलोय.
हात टेकले. नाही जमत मला. वायरी खोक्यात भरून माळ्यावर टाकतो.

२९ एप्रिल, मंगळवार
खोकं घेऊन बसलो होतो. यशोदा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा. कॉम्प्युटरनी सेटिंगम्हा नका दखा. पिक्चर ज्यावर लावतस त्या प्लेअरम्हा जा. ऑडिओ. तठे पासथ्रू शे, त्याले टिक करा."
केलं. काचेवर डॉल्बी! पाचही वाजले!
आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पासथ्रू! चौथी शिकलेली माझी बायको!
"कधीपासून बोलतेस दिपमालाशी?"
"पहिल्या दिनपाईन."
दोन वर्षं! संतापलो. ओरडायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच — "माझं काही विचारते का?"
"रोज इचारस."
लावलेला पिक्चर पुढे बघितला नाही. पहाटे धुळ्याची पहिली एसटी. ती येईल, नाही येणार — आणायला मीच जातो.